हक्कसोडावर सही करण्याआधी

प्रश्न : वकीलताई, निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे, सासऱ्यांकडून यजमानांच्या वाटणीला आलेली. विहीर एकच. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, मृत्युपत्र नव्हतं. बाग मुलगाच बघतो. दोन्ही मुली सासरी आहेत. मुलगा म्हणतो, बहिणींनी हक्कसोड करून द्यावं आणि इंदिरानगरचा माझ्या नावावरचा फ्लॅटही मी आत्ताच त्याला बक्षीसपत्राने द्यावा, खर्च फक्त 200 रुपये. थोरली तयार आहे, धाकटी काहीच बोलत नाही. काय करू? माझ्या पाटल्यांचंही सांगा.

उत्तर : ताई, फ्लॅटचं बक्षीसपत्र करू नका. मुलावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या नावावर असलेलं एकच छप्पर हातचं घालवू नका, हे मात्र ठामपणे सांगते.

200 रुपयांचं खरं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलामुलींना, नातवंडांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क तेवढंच आहे, स्थानिक अधिभार वेगळा. पण दस्त नोंदला की फ्लॅट त्याचा झाला. पुढे त्याने तो तारण ठेवला तरी तुम्हाला विचारायची गरज नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे : सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणातून परत मिळवता येते. मात्र ती अट दस्तात लिहिलेली हवी. घरात तोंडी ठरलं होतं, एवढ्यावर तिथे फार झगडावं लागतं. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. तुम्ही आहात तोवर फ्लॅट तुमचा, मन बदललं तर नवं करता येतं, शेवटचं तेच खरं. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून टाका.

आता बाग. वडिलोपार्जित असल्याने मुलींना कमी, अशी समजूत गावात अजून आहे. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार झाली आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे वादही मिटवले. हिशेब असा : यजमान, तुम्ही आणि तीन मुलं मिळून पाच हिस्से. यजमानांच्या पाचव्या हिश्शाचे पुन्हा तुम्हा चौघांत चार भाग. म्हणजे प्रत्येकी चौथाई, एकेक एकर. सातबाऱ्यावर वारस म्हणून चौघांची नावं लागली आहेत का, हे आधी पाहा. नसतील तर आधी वारस नोंद, मग पुढचं.

मुलाची बाजू मला कळते. अवकाळीच्या रात्री बागेत तो उभा असतो, औषधांची उधारी त्याच्या नावावर असते. तारा, मांडव, ठिबक सगळं एकसंध असलेली बाग चार ठिकाणी तोडली तर कुणाच्याच कामाची राहणार नाही. आणि विहीर एक! एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. पाळी कुणाची, मोटरचं बिल कुणाचं, यावरून भाऊ-भाऊ कोर्टात आलेले मी कितीतरी पाहिले आहेत. म्हणून बाग त्याच्याकडे अखंड राहावी, हे माझंही मत आहे.

पण ती फुकट राहावी असं नाही. हक्कसोडपत्र नोंदलं की ते मागे घेणं जवळपास अशक्य, आणि धाकटीच्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिला एकटीला गाठून विचारा, भावासमोर नको. बहिणींना मोबदला द्यायचा ठरला तर माल उतरल्यावर हप्त्याने द्यावा, पण रक्कम आणि तारखा दस्तात याव्यात, पैसे बँकेतून जावेत. शुल्क मजकुरावर ठरतं, ते आधी काढून घ्या. “फ्लॅट पुढे मुलींना” एवढ्या शब्दावर त्यांच्याकडून सही घेऊ नका. मृत्युपत्र उद्या बदलू शकतं, त्यांची सही बदलत नाही. तुमचा स्वतःचा एक एकर तर आत्ता सोडूच नका. बाग मुलगाच कसू दे, नाव तुमचं राहू दे. सोसायटीचं पीककर्ज किती बाकी आहे याचा उताराही मागवा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असेल तर तो सगळ्यांना माहीत हवा.

पाटल्या तुमचं स्त्रीधन आहे. त्यात मुलाचा, सुनेचा, मुलींचा, कुणाचाही आज हिस्सा नाही. हयातीत द्यायच्या असतील तर सगळ्यांच्या देखत द्या. ठेवायच्या असतील तर सराफाकडून वजन करून घ्या आणि कुणाला कोणती, हे वजनासकट त्याच मृत्युपत्रात लिहा.