वाचकांचे प्रश्न : एमक्यू-१३५ कॅलिब्रेट करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न : नमस्कार, मी एमक्यू-१३५ हे गॅस ओळखणाऱ्या सेन्सरचं मॉड्यूल आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडलंय. लायब्ररीत (तयार कोडमध्ये) आरझिरो, म्हणजे सेन्सरचा स्वच्छ हवेतला रेझिस्टन्स, ७६.६३ दिलंय ते तसंच ठेवलं तर सीओटू कधी ९ पीपीएम (दहा लाखांत ९ भाग) दाखवतो कधी १४००. मित्राने त्याचं आरझिरो दिलं, ते टाकल्यावर तर आणखी भलतंच यायला लागलं. माझा सेन्सर खराब आहे का?

उत्तर : सेन्सर बहुतेक ठणठणीत आहे, आकडा दुसऱ्याचा आहे एवढंच. आत टिन डायऑक्साइडचा थर असतो, हीटर तो तापवतो, स्वच्छ हवेत ऑक्सिजन त्या थरावर चिकटून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो म्हणून रेझिस्टन्स जास्त, मग अल्कोहोलची वाफ, अमोनिया, धूर असं काही आलं की ते त्या ऑक्सिजनशी रिअॅक्ट होतं, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेझिस्टन्स पडतो. आता हा मूळ रेझिस्टन्स प्रत्येक नगाचा वेगळा असतो, डेटाशीटमध्येच (कंपनीच्या माहितीपत्रकात) १०० पीपीएम अमोनियाला ३० ते २०० किलोओहम अशी रेंज दिलीय, म्हणजे एकाच बॅचचे दोन सेन्सर कितीतरी पटीने वेगळे निघाले तरी कंपनीच्या हिशोबाने दोन्ही बरोबरच. म्हणून आरझिरो स्वतःच्याच सेन्सरचं काढायचं, उसनं घ्यायचं नाही.

ते काढायचं असं. नवीन सेन्सर किमान २४ तास सलग ५ व्होल्टवर चालू ठेवा, ४८ तास ठेवलात तर अजून चांगलं, कारण सुरुवातीला रीडिंग सरकतच राहतं आणि त्या सरकत्या रीडिंगवर काढलेलं आरझिरो दोन दिवसांत फुकट जातं. हीटर साधारण १५० मिलिअँपियर खातो, तेव्हा सप्लाय नीट द्या, बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर हे चालणार नाही. मग रस्ता, स्वयंपाक, रंगकाम ह्या सगळ्यापासून लांब मोकळ्या हवेत ठेवा, वाऱ्याचा झोत थेट जाळीवर येऊ देऊ नका, अर्धा तास रीडिंग घ्या आणि सरासरीऐवजी सगळी रीडिंग लहान-मोठ्या क्रमाने लावून मधलं धरा म्हणजे एखादी गाडी गेली तरी फरक पडत नाही. दहा बिटच्या एडीसीला (व्होल्टेजचा ० ते १०२३ असा आकडा करणाऱ्या भागाला) रेझिस्टन्स म्हणजे (१०२३ ÷ रीडिंग − १) × लोड रेझिस्टर (सेन्सरबरोबर मॉड्यूलवर बसवलेला ठराविक रेझिस्टर). हे तुमच्या सेन्सरचं स्वच्छ हवेतलं मूल्य. ते लिहून ठेवा आणि त्याच्या शेजारी तापमान आणि आर्द्रता पण लिहा, हे बहुतेक जण विसरतात.

ह्यापुढे प्रत्येक वेळी आत्ताचा रेझिस्टन्स भागिले ते मूल्य एवढंच बघायचं. एकच्या आसपास म्हणजे त्या दिवसासारखी हवा, अर्ध्यावर आलं म्हणजे हवेत काहीतरी नक्की मिसळलंय. हे गुणोत्तर खरं आहे, त्यावर विश्वास ठेवा. सीओटूचा आकडा मात्र मनापासून सांगतो, काढून टाका. लायब्ररी काय करते, तर बाहेरच्या हवेत सीओटू ४०० च्या आसपास आहे असं आधीच धरून चालते आणि डेटाशीटमधल्या ग्राफवरून मोजलेलं सूत्र लावते, पण सूत्रात दशांशानंतर सात आकडे आहेत म्हणून काही मोजमाप तितकं अचूक होत नाही. सेन्सर सीओटूला जवळजवळ ओळखतच नाही, बंद खोलीत माणसं बसली की सीओटूबरोबर इतर वाफा आणि दमटपणाही वाढतो आणि सेन्सर त्यांना प्रतिसाद देतो. सीओटूच हवा असेल तर एमएच-झेड१९ सारखा इन्फ्रारेडवर चालणारा सेन्सर घ्या.

प्रश्न : मॉड्यूलवरचा निळा स्क्रू फिरवून कॅलिब्रेट करायचं असतं ना? कितीही फिरवला तरी अॅनालॉग रीडिंग हलत नाही.

उत्तर : हलणारच नाही. तो पॉट (स्क्रूने बदलणारा रेझिस्टर) फक्त कम्पॅरेटर चिपचा, म्हणजे डीओ (फक्त हो-नाही सांगणारी डिजिटल) पिन कुठल्या पातळीला पलटणार हे ठरवतो, एओ म्हणजे अॅनालॉग पिनशी त्याचा संबंध नाही. तुम्ही एओ वाचताय, तर त्याला हातच लावू नका.

प्रश्न : माझं रीडिंग स्वच्छ हवेत २५ च्या आसपास असतं, १०२३ पैकी. इतकं कमी कसं? आणि आता ईएसपी३२ वर (वायफायवाल्या बोर्डावर) न्यायचंय, तिथे काही बदलावं लागेल का?

उत्तर : मॉड्यूल उलटं करून लोड रेझिस्टर बघा, १०२ लिहिलेलं असेल तर तो १ किलोओहम आहे, स्वस्त मॉड्यूलवर बहुतेक हाच असतो, डेटाशीट मात्र २० किलो सुचवते (१० ते ४७ मध्ये काहीही चालतं). लायब्ररी परत १० धरून चालते. गंमत अशी की लोडचा आकडा चुकीचा टाकला तरी गुणोत्तरात तो वर-खाली कटून जातो, त्यामुळे तिथे नुकसान नाही. नुकसान रिझोल्यूशनमध्ये, म्हणजे किती बारीक बदल दिसतो त्यात आहे. समजा सेन्सर ४० किलोवर आहे, १ किलो लोडला रीडिंग २५ येतं आणि रेझिस्टन्स अर्धा झाला की ४९, म्हणजे एवढा मोठा बदल फक्त २४ पायऱ्यांत बसवलाय आणि एका पायरीला जवळजवळ ४ टक्के फरक पडतो. तोच २० किलो लावला तर ३४१ वरून ५१२ ला जातं, एक पायरी अर्ध्या टक्क्याच्या आत. सोल्डरिंग जमत असेल तर हा एक रेझिस्टर बदला, कोडमध्ये कितीही फिल्टर लावले तरी एवढा फायदा मिळणार नाही.

ईएसपी३२ ला एओ थेट जोडू नका, ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) लावा, पण इथे एक गोष्ट सहसा सुटते : १० आणि २० किलोचा डिव्हायडर म्हणजे ३० किलो, तो तुमच्या २० किलो लोडला समांतर बसतो आणि लोड प्रत्यक्षात १२ किलो होतो. एकतर हिशोबात १२ धरा नाहीतर डिव्हायडर १०० आणि २०० किलोचा करा आणि एडीसी पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा. वायफाय वापरणार असाल तर बोर्डावरच्या दोन एडीसींपैकी एडीसी१ चीच पिन घ्या, एडीसी२ वायफाय चालू असताना नीट वाचता येत नाही. आणि आर्डुइनोवर ५ व्होल्ट थोडे खाली आले तरी एडीसीचा रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तो तुलना करतो ते) तोच असल्याने मोजणीतला फरक कटायचा, इथे तसा कटणार नाही.

प्रश्न : घरच्या घरी खरंखुरं पीपीएम मिळवायचा काही मार्ग आहे का? परफ्यूम मारून बघितलं, रीडिंग वाढतं.

उत्तर : परफ्यूमने सेन्सर जिवंत आहे एवढं कळतं. वजन माहीत नसलेल्या मापाने तराजू तपासता येत नाही, तसंच हवेत नक्की किती गॅस आहे ते माहीत नसेल तर कॅलिब्रेशन होत नाही. पण अल्कोहोलसाठी ते जमवता येतं आणि मला स्वतःला हा प्रयोग फार आवडतो. झाकण घट्ट बसणारा २० लिटरचा डबा घ्या, आत सेन्सर आणि एक छोटा फॅन. शुद्ध इथेनॉलचा १ मायक्रोलिटर पूर्ण वाफ झाला की २५ अंशाला सुमारे ०.४२ मिलिलिटर वाफ होते, म्हणजे २० लिटरमध्ये साधारण २१ पीपीएम. पाच मायक्रोलिटर टाकले की १०५. मायक्रोपिपेट नसेल तर इन्सुलिनच्या १०० युनिटवाल्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, मग डबा मोठा घ्या, आणि चूक बरीच येईल हे धरूनच चाला. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांना गुणोत्तर घ्या, दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन ग्राफ काढा, जवळजवळ सरळ रेघ येते, तिचा उतार तुमच्या सेन्सरचा. हे पीपीएम फक्त इथेनॉलचं, बाकी कशालाही लावू नका.

प्रश्न : ह्यावर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) दाखवता येईल का? आणि पाऊस पडला की माझं रीडिंग खराब हवा सांगतं, उलटं व्हायला पाहिजे ना?

उत्तर : एक्यूआय नाही. त्यात धूलिकणांचा वाटा मोठा असतो आणि हा सेन्सर धूळ मोजतच नाही, त्यासाठी पीएमएस५००३ सारखा लेझरवाला लागतो. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन ह्या थराचा रेझिस्टन्स उलट वाढवतात, म्हणजे ते वाढले की तुमचा डिस्प्ले हवा सुधारली म्हणेल. पावसाचं कारण आर्द्रता, वाफेनेही रेझिस्टन्स पडतो. बीएमई२८० (तापमान-आर्द्रता मोजणारा सेन्सर) जोडा, पण हीटरपासून लांब, आणि डेटाशीटमधल्या तापमान-आर्द्रतेच्या वक्राने दुरुस्ती करा. गॅस गळती किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मसाठी मात्र हे मॉड्यूल वापरू नका, तिथे प्रमाणित अलार्मच हवा.

प्रश्न : बॉक्स सिलिकॉनने सील केला, आता लायटरचा गॅस सोडला तरी सेन्सर ढिम्म.

उत्तर : सिलिकॉनच्या वाफेने गरम थरावर सिलिका बसते आणि ती निघत नाही. नवीन सेन्सर लावा, पण ह्या बॉक्समध्ये नको, दुसरा बॉक्स स्क्रूने बंद करा, आणि परत २४ तासांपासून सुरुवात, जुनं आरझिरो त्याला चालणार नाही.