पहिलीच मोटरसायकल ६५० सीसीची घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २३, आजवर घरची स्कूटर तेवढी चालवलेली, नोकरीला लागून वर्ष झाले आणि आता पहिली मोटरसायकल म्हणून थेट ६५० सीसीची घ्यायचे मनात आहे; घरचे नको म्हणतात, मित्र मात्र सांगतात की सावकाश चालवली म्हणजे झाले. माझे उत्तर असे आहे की ती गाडी तुम्ही जरूर घ्या, पण आत्ता नको. मध्ये एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम हलक्या गाडीवर काढा. घरच्यांच्या भीतीपेक्षा मला मित्रांचा तो सल्ला अधिक काळजीचा वाटतो, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो.

जड गाडीचे वजन वेगात असताना जाणवत नाही. चाके फिरू लागली की गाडी आपला तोल बऱ्याच अंशी आपणच धरते, आणि ताशी चाळीसच्या पुढे दोनशे किलोंची गाडी हाताला शंभर किलोंच्या गाडीसारखीच वाटते. खड्ड्यांवरून तर ती अधिक निवांत जाते. वजन अंगावर येते ते माणसाच्या चालण्याच्या वेगाला: उतारावर गाडी परत फिरवताना, दाटीत लावलेली गाडी मागे ओढताना, बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी फाटक उघडल्यावर रिक्षा आणि बस यांच्यामधून रांगत पुढे सरकताना. गाडी थोडी कलली तोवर पायाने सावरता येते, पण कल जसा वाढतो तसा पायावरचा भार झपाट्याने वाढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे तालमीत तयार झालेला माणूसही ती धरू शकत नाही. म्हणजे 'सावकाश' हाच या गाडीचा सर्वांत अवघड भाग आहे, आणि नवख्याला तोच सोपा म्हणून सांगितला जातो.

हे मी स्वतः भोगून शिकलो. खानापूर ते बेळगाव असा रोजचा प्रवास मी ११ वर्षे १०० सीसीच्या गाडीवर केला आणि त्यानंतर ३५० सीसीची घेतली. पहिल्याच आठवड्यात जांबोटी रस्त्यावर एका उतारावर गाडी परत फिरवत होतो. हँडल पूर्ण वळलेले, वेग जेमतेम, आणि समोरून एक वासरू आले. हाताने सवयीने पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळला की गाडी सरळ थांबत नाही, वळलेल्या बाजूला आडवी होते. जुन्या गाडीवर असे झाले असते तर मी पाय टेकून तिला धरले असते, पण १९५ किलो मला धरता आले नाहीत. लेगगार्ड होता म्हणून पाय चेंगरला नाही, घोटा मात्र दोन आठवडे सुजलेला राहिला. शेजारच्या शेतातून आलेल्या एका काकांनी गाडी उचलायला हात दिला आणि म्हणाले, "फिरवायच्या आधी सरळ करून थांबवायची होती की, घाई का करायलास?" तेवढ्या वाक्यात सगळे आले होते. एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, मला वाचवले असते असे कोणी सांगितले तर ऐकू नका. अगदी कमी वेगात ते काम करत नाही, आणि साधे एबीएस वळणात कललेल्या गाडीची हमी देत नाही.

दुसरी गोष्ट ताकदीची. स्प्लेंडर ११२ किलोंची आणि सुमारे ८ अश्वशक्तीची, रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० सुमारे २० अश्वशक्तीची, आणि त्याच कंपनीची इंटरसेप्टर ६५० दोनशे किलोंहून जड, ४७ अश्वशक्तीची. त्यांचीच सुपर मिटिऑर ६५० तर २४१ किलोंची आहे, जरी तिची सीट बरीच खाली, ७४० मिलिमीटरवर असल्यामुळे बसल्यावर ती सोपी वाटते. नवख्याच्या हातून क्लच झटक्यात सुटला की गाडी पुढे उसळते, अंग मागे जाते, आणि मागे जाणारे अंग सावरण्यासाठी माणूस हँडल घट्ट पकडतो. त्या पकडीत उजवे मनगट खाली वळून अॅक्सिलेटर आणखी पिळला जातो. आठ अश्वशक्तीच्या गाडीवर ही चूक एका धक्क्यात संपते, पण सत्तेचाळीसच्या गाडीवर पुढचा कठडा येईपर्यंत ती दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. या क्षणी 'मी सावकाश चालवणार आहे' हा निश्चय कामाला येत नाही, कारण निश्चय डोक्यात असतो आणि चूक हाताची असते. हाताला सवय लागायला दिवस लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. युरोपात मोटरसायकलचे परवाने टप्प्याटप्प्याने मिळतात: आधी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत (म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती), आणि त्यानंतर कोणतीही. आपल्या ६५० सीसीच्या या इंजिनाची ताकद त्या मधल्या टप्प्यात बसते. तेव्हा ही गाडी राक्षसी आहे, असे मी म्हणणार नाही. पण तिकडे त्या परवान्यासाठी अगदी कमी वेगातली वळणे आणि ताशी ५० किलोमीटरवरून अचानक थांबणे, हे परीक्षकासमोर करून दाखवावे लागते. आपल्याकडे १०० सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून मिळालेल्या परवान्यावर माणूस दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो. कायदा अडवत नाही म्हणून तयारी झाली असे होत नाही, ती आपली आपणच तपासावी लागते. तुमच्या बाबतीत आणखी एक पाहा: स्कूटरवर परीक्षा दिली असेल तर तुमचा परवाना बहुधा विनागिअर वाहनाचा असेल, आणि त्यावर कोणतीही गिअरची गाडी चालवता येत नाही. आधी आरटीओतून परवान्यावर गिअरच्या दुचाकीची नोंद करून घ्या.

आता एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम असे मी का म्हणालो ते सांगतो. आपल्या भागात हे दोन शिक्षक फुकट मिळतात. जून लागला की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात असा पाऊस पडतो की दुपारी हेडलाईट लावावा लागतो; रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, वळणावर झाडांचा पाला साचतो, आणि धुक्यातून एखादा गवा रस्त्यातच उभा दिसतो. तेथे ब्रेक दाबायचा की नुसता अॅक्सिलेटर सोडून इंजिनाच्या जोरावर वेग उतरवायचा, हे पुस्तकात वाचून कळत नाही. पुढे दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीकडचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. त्यांच्या चाकांना शेतातली काळी माती येते, ती डांबरावर पडते आणि दवाने भिजली की साबणासारखी होते. रात्री तवंदी घाटात अशा ट्रॉलीच्या मागे सापडल्यावर घाईने पुढे न जाता अंतर ठेवून थांबण्याचा धीर ज्याच्या अंगी आला, तो जड गाडीसाठी बराचसा तयार झाला असे मी मानतो.

या काळासाठी १२५ ते १६० सीसीची जुनी, पण टायर आणि ब्रेक चांगले असलेली गाडी घ्या. ती पुढच्या वर्षी जवळजवळ त्याच भावात विकली जाते, त्यामुळे पैसे वाया जातील ही भीती नको. आठवड्यातून दोनदा सकाळी लवकर मोकळ्या माळावर जा आणि अर्धा क्लच, किंचित रेस आणि मागचा ब्रेक एवढ्यावर गाडी चालण्याच्या वेगाने फिरवा. नजर चाकापुढे ठेवू नका, जिकडे जायचे तिकडे मान वळवून पाहा, कारण गाडी नजरेमागे जाते. खड्ड्याकडे टक लावणारा खड्ड्यातच जातो. ताशी ४० वरून दोन्ही ब्रेक वाढत्या दाबाने लावून सरळ रेषेत थांबण्याचा सराव करा. गिअर कोणता आहे हे पाहावे लागत नाही, दोन पदरी रस्त्यावर पाय न टेकता गाडी परत फिरते, आणि अचानक काही समोर आले तर हात आधी क्लचकडे व ब्रेककडे जातात, अॅक्सिलेटरवर आवळत नाहीत, एवढे झाले की मग मोठी गाडी पाहायला जा. मोठी गाडी आल्यावरही पहिले तीन महिने मागे कोणाला बसवू नका, कारण मागे बसलेल्याचे ६० किलो वजन उंचावर येते आणि ते तुमच्या म्हणण्याने हलत नाही. आयएसआय खुणेचे पूर्ण हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांविषयी वेगळे लिहीत नाही. ते गाडीच्या किमतीतच धरा.

घरच्यांवर रागावू नका. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. आईवडिलांना हे आकडे ठाऊक नसतात, पण गल्लीतली एखादी घटना ठाऊक असतेच. मी माझ्या घरी वाद घातला नव्हता. वर्षभर भावाला मागे बसवून चालवले आणि शेवटी घरात त्यानेच माझी बाजू मांडली.

शोरूममध्ये गेलात की फेरी मारण्याआधी एक करा. इंजिन बंद ठेवून गाडी स्टँडवरून उतरवा, दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे ढकला, मग शोरूमच्या उतारावरून मागे घेऊन पाहा. तेथील माणूस मदतीला येईल, त्याला नम्रपणे नको म्हणा. दम न लागता आणि गाडी एकदाही अंगावर न कलता हे जमले, तरच किल्ली मागा. नाही जमले, तर आणखी दोन महिन्यांनी पुन्हा जा.