लीन रिलीज म्हणजे हक्कसोड, बोजा की फारकत?

कॅलिफोर्नियात एका इलेक्ट्रिकल सबकॉन्ट्रॅक्टरकडे हिशेब बघणाऱ्या ताईंनी विचारलंय, मेन कॉन्ट्रॅक्टर दर बिलाला लीन रिलीजवर (लीन म्हणजे पैसे मिळेपर्यंत मालमत्तेवर राहणारा हक्क, रिलीज म्हणजे तो सोडल्याचा कागद) सही मागतो, त्याला मराठीत 'धारणाधिकारमुक्ती' म्हणू का?

ताई, नका म्हणू. धारणाधिकार आपल्याकडे सरकारी नोकरीत, पदावरच्या हक्काला म्हणतात. शिवाय शब्दातच 'धारण' आहे, आणि आपल्या १८७२ च्या करार कायद्यातला लीन (कलम १७०) तसाच आहे, घड्याळजीने मजुरी मिळेपर्यंत घड्याळ स्वतःकडेच ठेवायचं, म्हणजे वस्तू ताब्यात पाहिजे. तुमच्या वायरमनच्या ताब्यात काय उरतं, वायर तर भिंतीत गेली! तिकडचा मेकॅनिक्स लीन, म्हणजे बांधकामावर काम करणाऱ्याचा थकलेल्या पैशांसाठीचा हक्क, मालकाच्या जागेवर चढतो आणि विकताना, कर्ज काढताना आडवा येतो, तो आपल्या सातबाऱ्यावरच्या बोजाचा सख्खा भाऊ. म्हणून लीन रेकॉर्ड झालेला असेल आणि पैसे मिळाल्यावर काढायचा असेल तर सरळ 'बोजा उतरवला' म्हणा.

पण दर बिलाबरोबरचा कागद वेगळा, तेव्हा बोजा चढलेलाच नसतो, तो चढवायचा हक्क तेवढ्या कामापुरता सोडायचा असतो. हक्कसोडपत्र हा शब्द अर्थाने बरोबर, पण ऐकल्याबरोबर रजिस्ट्रार ऑफिसात भावासाठी सही करणारी बहीणच डोळ्यासमोर येते, काय करणार. 'भरून पावलो' कसं वाटतं? छान आहे, पण जपून. तिथल्या सिव्हिल कोडात (कलम ८१३२ ते ८१३८) या कागदाचे चार नमुने दिलेत, दोन चालू बिलाचे, दोन शेवटच्या बिलाचे, आणि प्रत्येकी एक सशर्त, एक विनाअट. सशर्तमध्ये चेक वटला तरच हक्क जातो. विनाअटवर सही केली की पैसे मिळालेले नसले तरी हक्क गेला, म्हणजे 'भरून पावलो' हे फक्त तिथेच, तेही खरंच पावल्यावर!

माझा जीव खरा 'फारखत' वर. फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे कागद, देणंघेणं मिटल्याचा लेखी कागद, अगदी हवा तोच अर्थ. पण त्याची झाली फारकत आणि गेली घटस्फोटात, सोडचिठ्ठीचंही तेच, मोकळं करायचे आपले सगळे चांगले शब्द नवराबायकोनेच नेलेत. 'कॉन्ट्रॅक्टरला फारकत दिली' असं घरी बोललात तर सासूबाई फोन करतील.

तेव्हा लिहिताना 'बिलापुरती हक्कसोड', आणि पुढे 'चेक वटल्यावर' की 'विनाअट' ते न चुकता. बोलताना लीन रिलीजच म्हणा, एफडीवर लीन मार्क केलाय म्हणतोच की आपण.