केमो संपल्यावर आईला हिशोब जमेनासा झालाय. हे कशामुळे, आणि परत येईल का?

तुम्ही कऱ्हाडहून लिहिलंय की आईंचे स्तनाच्या कॅन्सरचे केमो संपून सात महिने झाले, रिपोर्ट चांगले आहेत. पण बारा वर्षं बचत गटाचा हिशोब तोंडपाठ असणारी आई आता बेरीज अर्ध्यात सोडते, बोलता बोलता शब्द सापडला नाही की गप्प बसते. घरातले म्हणतात, तिने मनाला लावून घेतलंय. हा विस्मरणाचा आजार तर नाही ना, आणि गटाची वही आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

वही आईंकडेच राहू द्या. का ते पुढे सांगते, पण हे आधी.

मी सांगलीची. तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. माझे आठ केमो मिरजेला झाले, दर 21 दिवसांनी एक, त्यातले पहिले चार लाल रंगाच्या औषधाचे. केस परत आले, तोंडाला चव आली, शाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना मान वर केली आणि समोरच्या मुलीचं नाव आठवेना. तिला पहिलीतही मीच शिकवलं होतं. खडू घेऊन फळ्याकडे वळायचे आणि काय लिहायला वळले तेच डोक्यातून जायचं. तपासणीला गेल्यावर एका डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या आजारातून उठलात, हे चालायचंच." धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण त्यानंतर वर्षभर मी हे कुणाजवळ बोलले नाही. तुमच्या आईंचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या त्रासाला रुग्ण आणि डॉक्टर दोघंही 'केमो ब्रेन' म्हणतात. तो मनाचा खेळ नाही. अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या 581 बायका आणि कॅन्सर नसलेल्या 364 बायका घेतल्या होत्या. केमोआधी, केमो संपल्यावर आणि त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांना स्मरण, लक्ष, शब्द सुचणं याबद्दल विचारलं. केमो संपल्यावर 45.2 टक्के रुग्णांना आपलं डोकं आधीपेक्षा नीट चालत नाही असं जाणवलं. कॅन्सर नसलेल्यांमध्ये तेच 10.4 टक्के. सहा महिन्यांनंतरही 36.5 विरुद्ध 13.6. म्हणजे सात महिन्यांनी तुमच्या आईंना जे होतंय ते शेकडो बायकांनी सांगून ठेवलेलं आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आधार दिला तो मात्र एका फार छोट्या अभ्यासाने. 2007 सालचा, फक्त दोन जुळ्या बहिणींचा. दोघी साठीच्या. एकीला स्तनाचा कॅन्सर झाला, तिने केमो घेतला; दुसरी निरोगी. कागदावरच्या चाचण्यांत दोघींत फारसा फरक आला नाही. मग मेंदूचा स्कॅन चालू असताना दोघींना लक्षात ठेवायचं तेच काम दिलं. केमो घेतलेल्या बहिणीच्या मेंदूचा कितीतरी जास्त भाग कामाला लागलेला दिसला. एका जोडीवरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, पण हे वाचलं तेव्हा मला रडू आलं. शाळा सुटल्यावर मी घरी येऊन का आडवी होत होते, ते मला तिथे कळलं. उत्तर तेच येतं, त्यासाठी आतून खणावं जास्त लागतं. आईंना चार लोकांत सगळं ठीक जमतं आणि घरी आल्यावर त्या चिडतात, असं होत असेल तर त्याचं कारण हेच असू शकतं.

हे होतं कशामुळे? कारण एकच नाही. काही बायकांच्या चाचण्या पहिल्या डोसाच्या आधीच थोड्या कमी आलेल्या आढळल्या आहेत, त्यामुळे सगळा दोष औषधावर टाकता येत नाही. आजाराने शरीरात वाढलेली सूज, ऑपरेशन, भूल, धास्ती, झोप उडणं, पाळी अचानक बंद होणं, नंतर चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या, सगळ्यांचा हात असतो. औषधाबद्दल सांगायचं तर मेथोट्रेक्सेट या जुन्या केमोवर अमेरिकेतल्या स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या मिशेल मोंजे यांच्या गटाने उंदरांवर काम केलं, ते 2019 साली छापून आलं. मेंदूत राखण करणाऱ्या काही पेशी असतात. औषधाने त्या बिथरतात, आणि मग मज्जातंतूंवरचं वेष्टण तयार करणाऱ्या पेशींची वाढ अडते. वायरीवरचं प्लास्टिक झिजल्यासारखं. निरोप पोचतो, पण रखडत. त्या बिथरलेल्या पेशी हटवल्यावर उंदरांची स्मृती सुधारली. माणसांसाठी याचं औषध अजून हातात आलेलं नाही, पण बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणं सुरू आहे, हेही मला मोठं वाटतं.

आता परत येईल का, याबद्दल. त्यासाठी मोठ्या माणसाचा मेंदू स्वतःला किती सावरू शकतो ते आधी बघू. स्वीडनमध्ये काही रुग्णांना जिभेचा आणि घशाचा कॅन्सर होता, आपल्याकडे तंबाखू-मिश्रीपायी गावोगाव दिसतो तोच. गाठीतल्या पेशी किती वेगाने वाढतात हे बघण्यासाठी त्यांना एक रसायन टोचलं होतं. नव्याने जन्मणाऱ्या पेशीच्या डीएनएत ते जाऊन बसतं आणि खुणेसारखं राहतं. पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज या मेंदूच्या शास्त्रज्ञांनी अशा पाच रुग्णांचे मेंदू त्यांच्या निधनानंतर तपासले. नवीन आठवणी जिथे बनतात त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात त्यांना तीच खूण असलेल्या चेतापेशी सापडल्या. म्हणजे मोठ्या वयातही, कॅन्सर असतानाही, मेंदूत नव्या पेशी जन्मत होत्या. हे 1998 सालचं. त्यावर वाद मिटलेला नाही. 2018 साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले, एकाने मोठ्या माणसात अशा पेशी जवळपास सापडत नाहीत म्हटलं, दुसऱ्याने म्हातारपणीही सापडतात म्हटलं. नव्या पेशींचं काहीही ठरो, असलेल्या पेशींमधले धागे वापराने घट्ट होतात यावर वाद नाही. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना काढायला शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर या शास्त्रज्ञ बाईंनी त्या उमेदवारांना वर्षानुवर्षं तपासलं. जे शिकून पास झाले त्यांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढला, ज्यांचं शिकणं पुरं झालं नाही त्यांचा नाही.

म्हणून वही. ती काढून घेतली तर आईंच्या मेंदूला ज्या कामाची गरज आहे तेच काम बंद होईल.

मी काय केलं ते सांगते, कारण ते मला माझ्या वर्गाने शिकवलं. पाढा पुन्हा पुन्हा वाचून पाठ होत नाही. पाटी पालथी घालून आठवायला लागलं की होतो. मी एकतीस मुलांची नावं घरी लिहून काढली. रोज पाच. कागद झाकायचा, आठवायचं, चुकलं तर बघायचं. तीच पाच उद्या, मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. मधे अंतर ठेवून आठवलेलं जास्त टिकतं, हे शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षं तपासत आले आहेत आणि कुठल्याही गुरुजींना माहीत आहे. आईंनाही तसंच करू द्या. गटातल्या बायकांचे हप्ते आधी मनाने सांगायचे, मग वहीत बघायचे. हिशोब सकाळी, डोकं ताजं असताना. त्या वेळी टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि गॅसवर काही ठेवलेलं नको. शेवटची बेरीज तुम्ही तपासा, पण त्यांनी मागितल्यावर. शब्द अडला तर लगेच पुरवू नका, थोडं थांबा. "एवढंही आठवत नाही?" हे वाक्य घरात कुणीच बोलायचं नाही, लहान पोरांनीसुद्धा.

चालणं चुकवू नये. मी आमराईत रोज पाऊण तास चालत होते, आधी दहाच मिनिटं जमायचं. 2011 साली 120 वयस्कर माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला होता.

सांगली हळदीचं गाव, त्यामुळे मला हळदीच्या गोळ्या बऱ्याच जणांनी आणून दिल्या. जेवणातली हळद चालू ठेवा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका; हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं, आणि चालू औषधांशी त्याचं पटेलच असं नाही.

पुढच्या तपासणीला जाताना काय काय विसरायला होतं ते तारखेसह लिहून न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 बघायला सांगा, झोप आणि उदासी याबद्दलही बोला, कारण यातलं काही असेल तर त्यावर उपाय आहे. विस्मरणाचा आजार सहसा वाढत जातो. केमोनंतरचं हे बहुतेकींचं हळूहळू निवळतं, काहींचं थोडं उरतं. पण त्रास दिवसागणिक वाढत असेल, डोकं सतत दुखत असेल, उलट्या, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे जा.

माझं म्हणाल तर दीड वर्ष लागलं. अजूनही दोन माणसं एकदम बोलायला लागली की माझा धागा सुटतो, आणि मी त्यांना सांगते, एकेक जण बोला. या जूनला नवा वर्ग आला, अठ्ठावीस मुलं. गणपतीच्या सुट्टीआधी सगळी नावं तोंडपाठ होती. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि गटाची पुढची बैठक झाली की कसं झालं ते इथे नक्की लिहा.