वाचकांचे प्रश्न : काटेरी झुडपाची नवी जाती ठरते कशी?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळच्या एका गावात राहतो. गावावरच्या सड्याच्या, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठाराच्या, कडेला, जिथून खाली दरी सुरू होते आणि वारा सतत लागतो, तिथे कमरेएवढ्या उंचीची काटेरी झुडपे आहेत. गावकरी त्यांना हेंकळच म्हणतात. पण वस्तीजवळच्या हेंकळाच्या मानाने यांचे काटे जवळजवळ दुप्पट लांब आहेत आणि पाने लहान व जाड आहेत. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर असून माझ्याकडील पुस्तकांतल्या एकाही वर्णनाशी हे झुडूप जुळत नाही. ही नवी जाती असल्यास तिची नोंद कशी करावी? तिला आमच्या ग्रामदेवतेचे नाव देता येईल का? फांदीची चार छायाचित्रे आणि मी योजलेले नाव सोबत पाठवत आहे. (एक वाचक, ता. खानापूर)

उत्तर : आपली छायाचित्रे काळजीपूर्वक पाहिली. झुडूप हेंकळाच्याच, म्हणजे जिम्नोस्पोरिया या प्रजातीतील (जवळच्या जातींच्या गटातील) असावे, असे पानांच्या ठेवणीवरून आणि काट्यांवरच आलेल्या पानांवरून वाटते. मालकांगोणीचे कूळ तेच याचे कूळ. याहून अधिक काही फुला-फळांवाचून सांगणे योग्य होणार नाही. आपण ज्या दोन लक्षणांवर भिस्त ठेवली आहे, ती काट्यांची लांबी आणि पानांचा आकार ही या घराण्यातील सर्वांत फसवी लक्षणे आहेत, हे मात्र आधीच स्पष्ट केले पाहिजे.

आपण ज्यांना सरसकट काटे म्हणतो, त्यांचे उगम वेगवेगळे असतात. बोरीचे आणि बाभळीचे काटे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांपासून होतात, म्हणून ते जोडीने येतात. सावरीच्या खोडावरचे काटे केवळ सालीचे उंचवटे असून ते अंगठ्याने दाबले तरी निखळतात. करवंद, गेळ आणि हेंकळ यांचे काटे मात्र मुळात फांद्याच असतात, ज्यांची वाढ लवकर थांबून टोक कठीण झालेले असते. हेंकळाच्या काट्यावर पाने आणि कधी फुलेही येतात, ती याच कारणाने. जो काटा मूळचा फांदी आहे, त्याची लांबी फांदीसारखीच परिस्थितीप्रमाणे बदलते. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यांवर तो लांब असतो, जुन्या फुलणाऱ्या फांद्यांवर आखूड असतो आणि काही फांद्यांवर मुळीच नसतो. सड्याच्या कडेला झुडपे गुरांनी वारंवार खाल्लेली असतात, वाऱ्याने दबलेली असतात, आणि जांभ्यावर माती वीतभरही नसते. अशा जागी काटे लांब होणे व पाने लहान, जाड होणे हे एकाच जातीतही घडू शकते. म्हणून पहिले काम असे की, सड्याच्या कडेपासून वस्तीपर्यंत उतरताना वाटेत भेटणारी हेंकळाची सर्व झुडपे पाहावीत. काट्यांची लांबी हळूहळू कमी होत गेलेली आढळली, तर ती एकच जाती असण्याचा संभव मोठा. दोन्ही प्रकारची झुडपे एकाच जागी शेजारीशेजारी उभी असतील आणि तरीही वेगळी ओळखू येत असतील, तर आपल्या शंकेला खरा आधार मिळाला असे समजावे.

त्यानंतर फुले पाहावीत. ती लहान असल्याने भिंग लागेल. फुलोऱ्याला फाटे कसे फुटतात, पाकळ्यांचा रंग कोणता आणि त्या किती, यांची नोंद करावी. या प्रजातीत एका झुडपावर नराचे काम करणारी आणि दुसऱ्यावर मादीचे काम करणारी फुले असण्याचा प्रकार पुष्कळ आढळतो, त्यामुळे एकाच झुडपावरून वर्णन लिहिले तर ते अर्धे राहते. फळ पिकल्यावर किती भागांत उकलते आणि बीजाभोवतीचे मांसल वेष्टन बीजाला पूर्ण झाकते की केवळ तळाशी असते, हे तर अवश्य पाहावे, कारण जाती वेगळ्या करताना या वेष्टनाला काट्यापेक्षा कितीतरी अधिक वजन दिले जाते. एवढे पाहायला एक पूर्ण वर्ष लागेल. ते वर्ष देण्याची तयारी ठेवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. घाईने नवी ठरवलेली आणि पुढे जुन्याच जातीत विलीन करावी लागलेली नावे वनस्पतिशास्त्रात आधीच फार आहेत.

आपल्याकडील पुस्तकांत वर्णन सापडत नाही, याचे एक कारण आपल्या भागाच्या इतिहासात आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे १८६१ मध्ये आलेला डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ग्रंथ आणि १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेले थिओडोर कुक यांचे खंड मुंबई इलाख्याचे असूनही त्यांत बेळगाव, धारवाड व कारवारकडील वनस्पती आहेत. कुक यांनी बेळगावात रिची यांनी जमवलेल्या नमुन्यांचा दाखला वारंवार दिला आहे. डॅल्झेल यांच्या लेखनात रामघाट आणि चोर्ला घाट ही आपल्या ओळखीची नावे भेटतात. राज्यपुनर्रचनेनंतरचे ग्रंथ मात्र महाराष्ट्राचे वेगळे, कर्नाटकाचे वेगळे आणि गोव्याचे वेगळे झाले. कणकुंबीच्या सड्यावर उभे राहिले की तिन्ही राज्ये जवळच असल्याने, यांपैकी एकच ग्रंथ चाळून झुडूप नवे ठरवता येत नाही. तिन्ही पाहावेत आणि मागील शतकांतील जुनी नावेही पाहावीत, कारण एखादी विस्मरणात गेलेली जाती आपल्याच झुडपाची निघण्याचा संभव असतो. असे झाले, तरी तिचा पुन्हा शोध लागणे हे कमी महत्त्वाचे नाही. त्यापुढची पायरी म्हणजे पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जाऊन वाळवलेले नमुने शेजारी ठेवून तुलना करणे. जिम्नोस्पोरियाचा अभ्यास केलेल्या तज्ज्ञाला सहलेखक करून घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

हे सारे करूनही झुडूप वेगळेच राहिले, तर नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. १ जानेवारी १९३५ पासून नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. १ जानेवारी २०१२ पासून ते लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत चालते. सर्वांत जवळच्या जातीपेक्षा ही कशात निराळी आहे, हे त्यात नेमके सांगणे उत्तम. ज्या एका नमुन्याशी नाव कायमचे बांधले जाते, त्याला होलोटाइप म्हणतात. १९५८ पासून तो निश्चित करणे आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे हे लिहिणे आवश्यक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो. आपला सडा राखीव जंगलात किंवा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत येत असेल, तर फांदी तोडण्यापूर्वी कर्नाटक वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. झुडपे थोडी असतील, तर मुळासकट एकही उपटू नये.

ग्रामदेवतेचे नाव देण्यास नियमांची आडकाठी नाही, मात्र ते लॅटिन वळणाने लिहावे लागते आणि त्या प्रजातीत ते पूर्वी कोणी वापरलेले नसावे. ‘काटेरी’ या अर्थाचे ‘स्पिनोसा’ जिम्नोस्पोरियात केव्हाच दिले गेले आहे. एक सूचना मात्र करतो. गावातील वृद्ध मंडळी, गुराखी आणि पलीकडच्या कन्नडभाषक वाड्यांतील लोक या झुडपाला काय म्हणतात, ते नामकरणापूर्वी विचारून लिहून ठेवावे. करवंदाला इकडे कन्नडमध्ये कवळी म्हणतात, तसे या झुडपालाही दुसरे नाव असू शकते. आणि सड्यावरच्या झुडपाला वस्तीजवळच्यापेक्षा वेगळे नाव आधीपासून असेल, तर आपल्या आधी कुणाच्या तरी नजरेला तो फरक दिसला होता, असा त्याचा अर्थ होईल.

आपण योजलेले नाव येथे हेतुपुरस्सर छापलेले नाही. १९५३ पासून अशास्त्रीय वृत्तपत्रांत छापलेल्या नव्या नावाला मान्यता नाही, आणि असे नाव आधीच पसरले की पुढे गोंधळ होतो.

प्रश्न : हल्ली इतकी स्पष्ट छायाचित्रे निघतात, तरीही फांदी तोडून वाळवण्याची गरज काय? आणि काटेरी फांदी कागदात दाबली की पाने सुरकुततात, त्यावर उपाय कोणता? (एक शिक्षिका, बेळगाव)

उत्तर : छायाचित्रातील फळ कापून आतले बीज पाहता येत नाही, वाळलेले फूल मात्र शंभर वर्षांनीही गरम पाण्यात भिजवून उलगडता येते. त्यामुळेच फुलझाडांच्या नव्या जातीसाठी आता नमुना अनिवार्य आहे.

सुरकुत्यांचे कारण असे की, जाड काट्यांमुळे दोन कागदांत पोकळी राहते आणि पानांवर दाब पडत नाही. ताजी फांदी कागदांत घालून वर फळी ठेवावी व पायाने हळू दाबावी, म्हणजे काटे आडवे होतात. मग पानांच्या जागी वर्तमानपत्राच्या घड्या किंवा स्पंजचे पातळ तुकडे ठेवून उंची सारखी करावी. काटे छाटू नयेत. काही पाने उलटी ठेवावीत, म्हणजे खालची बाजूही दिसते. नमुना सुमारे ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर बसेल एवढाच घ्यावा. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे हवा इतकी दमट असते की कागद रोज, शक्य तर दिवसातून दोनदा बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. फुलांचा रंग वाळल्यावर जातो, म्हणून तो, झुडपाची उंची, जागा, तारीख आणि समुद्रसपाटीपासूनची उंची झुडपाजवळ उभे असतानाच वहीत लिहावी.