दुधाची गाडी कुठून येते, ते विचारा

प्रश्न : दिवाळीत ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यांवर चालणारी सायकल) घेतली, टायर ४० मिमीचे. परदेशातल्या व्हिडिओत दिसतात तसे लांबच लांब कच्चे रस्ते आपल्याकडे कुठे दिसत नाहीत. एक तर डांबर, नाही तर ट्रेकची पायवाट. मध्यंतरी भोरकडे गेलो होतो. नकाशात बारीक रेघ दिसली म्हणून आत शिरलो, तर सात किलोमीटर सायकल ढकलत आणावी लागली. आपल्या डोंगरात या सायकलीसाठी रस्ते आहेत का? असले तर शोधायचे कसे?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : आहेत, आणि भरपूर आहेत. भोर माझं माहेर, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार.

नकाशातली रेघ रस्ता कुठे जातो ते सांगते, पायाखाली काय आहे ते सांगत नाही. आणि सगळा खेळ पायाखालचाच आहे. आपल्या मावळात कच्चा रस्ता म्हणजे मुरूम, खडी, फुफाटा किंवा नुसता दगडगोटा. यातला मुरूम तुमचा. तांबूस, भुसभुशीत, चाकाखाली करकरत दबणारा. पावसाळ्यानंतर तो बसलेला असतो आणि त्यावरून सायकल अशी जाते की डांबराची आठवण येत नाही.

खडीपासून मात्र जपा. वाडीला रस्ता मंजूर झाला की आधी खडीकरण होतं, डांबरीकरण नंतर कधी तरी. फोडलेल्या काळ्या दगडाची खडी पसरतात, वर मुरूम आणि पाणी टाकून रोलर फिरवतात. पहिला हिवाळा हा रस्ता झकास असतो. पण एक-दोन पावसाळे गेले की वरचा मुरूम वाहून जातो आणि खडी दात काढून वर येते. तुम्ही ढकलत आलात तो रस्ता असाच असणार, असा माझा अंदाज आहे. दोन्ही रस्ते नकाशात सारखेच दिसतात.

अशाच एका उतारावर तीन वर्षांपूर्वी माझा मागचा टायर बाजूने फाटला. दोन बोटं आत जातील एवढी चीर. टायरमधलं सीलंट, म्हणजे बारीक भोकं आपोआप बुजवणारा चिकट द्रव, फवाऱ्यासारखं पोटरीवर उडालं. त्याने असली चीर भरत नाही, हे तेव्हा कळलं. आतून दहाची नोट दुमडून लावली, ट्यूब टाकली आणि हवा अर्धीच भरून रांगत रांगत फाट्यावर आले. तिथल्या पंक्चरवाल्या दादांनी नोट काढून माझ्या हातात दिली, जुन्या टायरचा तुकडा कापून आतून ठिगळासारखा लावला (याला गेटर म्हणतात) आणि म्हणाले, “ताई, या रस्त्यानं दूधवालासुद्धा येत नाही. तो वरच्या अंगानं येतो.”

त्या दिवसापासून मी रस्ता नकाशात बघते, पण माणसांना विचारून ठरवते. ‘कच्चा रस्ता आहे का’ असं विचारलं की लोक हसून ‘आहे की’ म्हणतात, आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘ट्रॅक्टर जातो का’ विचारलं तरी उपयोग नाही, ट्रॅक्टर कुठूनही जातो आणि मागे चाकोऱ्या करून ठेवतो. विचारायचं ते हे : दुधाची गाडी कुठून येते? दोन्ही बाजूंना कॅन लटकवून रोज सकाळी मोटारसायकलवर वाड्यावाड्यांतून दूध गोळा करणारा माणूस डोंगरातल्या प्रत्येक वाटेची आजची हालत जाणतो. दोनच चाकं, वर दुधाचं वजन, वेळेत डेअरीला पोचायची घाई. तो जिथून जातो तिथून तुमची सायकल जाणारच.

आता प्रत्यक्ष कुठे जायचं. सुरुवात भाटघर धरणाच्या कडेने करा. सायकल गाडीत टाकून भोरला या, नाही तर पहाटे निघून हायवेने या. धरणाच्या पाण्याला धरून वेळवंड खोऱ्यात शिरायचं, वेळवंड, पांगारी करत भुतोंड्याकडे. आताची भिंत १९२७ सालची आणि जलाशयाला नाव येसाजी कंकांचं. भुतोंडे त्यांचंच गाव. मुख्य रस्ता डांबरी आहे, पण तो फक्त कणा समजा. त्याला पाण्याकडे उतरणारे आणि डोंगराकडे चढणारे वाड्यांचे रस्ते फुटतात. दर खेपेला त्यातले दोन धरा, शेवटापर्यंत जा, परत या. जातानाचा चढ येताना उतार होतो, तेव्हा तीच वाट वेगळी वाटते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. एरवी पाण्याखाली असलेल्या त्या दगडांना हात लावायला मी मे महिन्याचं ऊन सोसूनही जाते. मात्र भुतोंड्यातून राजगडाच्या आळू दरवाजाला जाणारी वाट पायी जाणाऱ्यांची आहे. तिथे सायकल नेऊ नका, खांद्यावर घेऊनसुद्धा.

पाय तयार झाले की पानशेत रस्त्यावरच्या खानापुराहून पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरा आणि पुढे पासलीवरून केळदला जा. घाट डांबरी आहे, पण चढ खडा आहे. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते निदान बरोबरीचे हवेत, नाही तर गुडघे बोलतील. केळदला मढे घाटाच्या तोंडाशी उभं राहून खाली कोकण बघा. तानाजी मालुसऱ्यांचा देह त्यांच्या गावी, उमरठ्याला, याच वाटेने नेला असं सांगतात. मी तिथे दर वेळी थोडा वेळ गप्प बसते.

दिवस निवडा दिवाळी ते होळी, त्यातही डिसेंबर-जानेवारी. नोव्हेंबरात वाडीच्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं. त्यावरून चाक घालायचं नाही. उतरायचं, सायकल उचलायची आणि कडेने जायचं. मागच्या वर्षी पांगारीच्या अलीकडे एक आजी पायाने भात परतत होत्या, दोन्ही पायांनी सरळ रेघा ओढत. मी थांबले तर म्हणाल्या, “जा गं बाय, मी करते बाजूला.” आणि वाकून माझ्यापुरती हातभर वाट मोकळी केली. दाणा न दाणा गोळा करून. तेवढ्या वाटेने सायकल हातात धरून जाताना जी लाज वाटली, ती अजून आहे. तेव्हापासून कुणी वाट मोकळी करण्याआधीच मी सायकल उचललेली असते. मार्चनंतर राब भाजणीचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचा धूर आणि घोटाभर फुफाटा. त्या धुळीखाली दगड दडलेले असतात, वेग कमी ठेवा.

हवा कमी ठेवा. माझं वजन ५८ किलो, टायर ४२ चे ट्यूबलेस. मी पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय ठेवते. तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण दगड लागून रिम वाजली नाही की समजा बरोबर आहे. एक ट्यूब आणि जुन्या टायरचा वीतभर तुकडा कायम जवळ ठेवा.

प्रश्न : कासच्या पठारावर ग्रॅव्हल बाईक चालवता येईल का? जमीन सपाट दिसते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : पठारावर नको. कृपा करून नको. ती सपाटी म्हणजे जांभ्याचा सडा, उघडा सपाट खडक आहे. वर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. सगळी फुलं तेवढ्यावर जगतात, आणि चाकाने खरवडलेली माती पुढच्या पावसात वाहून जाते. सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी तिथलीच. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आहे. फुलांच्या दिवसांत तिथे पायीच फिरा. सायकल चालवायची तर जानेवारीत कासच्या पुढे बामणोलीपर्यंत उतरा, रस्त्यानेच. कोयनेचं पाणी समोर येतं आणि परतीचा चढ पुरेसा दमवतो.

प्रश्न : मेंढरांच्या कळपाची कुत्री अंगावर येतात. वेग वाढवून निसटावं का?
— एक वाचक, फलटण

उत्तर : नाही. तुमच्याच भागातले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात, त्यामुळे हिवाळ्यात घाटाच्या वाटांवर ही गाठ पडतेच. ते कुत्रं तुमच्या वैरावर नाही, राखणीवर आहे. पळणारं चाक दिसलं की ते पाठ धरणारच. लांबूनच उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मधे धरा आणि मोठ्याने बोला, ‘राम राम पाव्हणं’ म्हणा, काहीही म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की मेंढका कुत्र्याला हाक मारतो. मग चालत पुढे व्हा आणि शेवटचं मेंढरू मागे पडल्यावरच सायकलवर बसा.