बाईंना विचारा : खेचराचा कौल

प्रश्न : बाई, मी २९ वर्षांची, मुंबईत नर्स आहे. आयर्लंडमधल्या नोकरीचं पत्र आलंय. होकार की नकार ते कळवायला २५ दिवस उरलेत. भाऊ बोरिवलीला वेगळा राहतो. घरी आई-पप्पा आणि थोडी वाडी. आईचे गुडघे गेलेत. नऊ दिवसांची नोव्हेना केली आणि शेवटच्या दिवशी डोळे मिटून बायबल उघडलं. देव अब्राहामाला ‘आपला देश सोड’ म्हणतो, ते पान निघालं. आनंदाने झोपले. खात्री करावी म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, तर सासूला सोडून न जाणारी रूथ निघाली. तेव्हापासून छातीत धडधड आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही, उगाच तिच्या जिवाला घोर नको. ‘जायचं नाही’ असं मनाशी म्हटलं की एकदम शांत वाटतं. हीच देवाची इच्छा समजू का?
(एक वाचक, वसई)

उत्तर : बाय, तिसऱ्यांदा उघडलं नाहीस ना? मत्तयाची वंशावळ निघाली असती, तर काय करणार होतीस?

३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोलाचा सण असतो. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत, येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक. त्याचीच गोष्ट सांगते. (त्याला मी एकेरीत बोलवते, जुनी ओळख आहे.) १५२२ साली तो खेचरावर बसून स्पेनमधल्या मोंतसेरातच्या मठाच्या वाटेला लागला होता. रस्त्यात एक मूर, म्हणजे तिथला मुसलमान, भेटला. दोघांचा पवित्र मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला आणि तो मूर खेचर दामटून पुढे निघून गेला. मागे राहिलेल्या इग्नेशियसचं डोकं तापलं. मरियेचा अपमान ऐकून आपण गप्प बसलो! आता त्याला गाठून खंजीर खुपसावा की जाऊ द्यावं? विचार करकरून थकल्यावर त्याने ठरवलं, पुढे फाटा येतो तिथे लगाम सैल सोडायचा. खेचर मूर गेला त्या गावाकडे वळलं तर खंजीर, हमरस्त्याने सरळ गेलं तर सुटका. गाव जेमतेम तीस-चाळीस पावलांवर, तिकडची वाट चांगली ऐसपैस. तरी खेचर हमरस्त्याने गेलं. म्हातारपणी त्याने सोबत्याला आपली जीवनकथा सांगितली, त्यात ही फजिती लपवलेली नाही.

आपल्या कोकणात देवाला कौल लावतात. त्याने तो खेचराला लावला, तू बायबलला. बायबल पवित्र आहे म्हणून ही रीत पवित्र होत नाही. शिवाय जे पान निघालं ते तरी नीट वाचलंस का? रूथने सासूला सोडलं नाही हे खरं, पण त्यासाठी तिने स्वतःचा मवाब देश सोडला. म्हणजे तुझ्या दोन्ही पानांत बाईमाणसाला-बाप्याला देश सोडायलाच लावलंय! यावरून ‘जा’ असाही अर्थ काढू नकोस हो. शब्द उचलायचा आणि गोष्ट टाकून द्यायची, हे तेवढं नको.

गंमत अशी की खेचराच्या आधीच, १५२१ साली, इग्नेशियसला विवेकाचा, म्हणजे मनातली कुठली ओढ देवाकडची आणि कुठली नाही हे पारखण्याचा, पहिला धडा मिळून गेला होता. धडा मिळाला म्हणजे मुरला असं नसतं. मी ३४ वर्षं गणित शिकवलंय, मला विचार. त्या वर्षी २० मे रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांच्या तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. घरी लोयोलाला आणून हाड बसवलं, ते वाकडं बसलं. पुन्हा मोडून बसवलं. मग गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. तंग बूट घातले की तो वाईट दिसेल, म्हणून पठ्ठ्याने तोही कापून घेतला. त्या काळात भूल कसली! असा हा शौकीन गडी. अंथरुणात पडून त्याने वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या. निघाली दोन पुस्तकं, एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रं.

तो तास तास मनोराज्य करायचा. कधी एका उच्चकुलीन स्त्रीची सेवा करून तिचं मन जिंकण्याचं, तर कधी संत फ्रान्सिससारखं अनवाणी जेरुसलेमला जाण्याचं. रंगला असताना दोन्ही सारखीच गोड लागत. फरक मागाहून पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं आणि नाराज, दुसरं संपलं तरी प्रसन्नपणा मागे राहायचा. एके दिवशी हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो चकित झाला. तुला आंबा-फणसाच्या भाषेत सांगायचं तर जिभेवरची चव नव्हे, घशाखाली उतरल्यावर काय राहतं ते बघायचं.

आता तुझ्या ‘एकदम शांत वाटतं’कडे येते. इथे मला माझीच लाज सांगावी लागेल.

१९९६ साली शाळेने मला मुख्याध्यापिका होशील का म्हणून विचारलं. आठ दिवस पोटात गोळा होता. नवव्या दिवशी नकाराचं पत्र देऊन आले आणि काय शांत वाटलं म्हणून सांगू! रात्री बोंबलाचं कालवण ओरपून गाढ झोपले. आमच्या ह्यांनाही पत्र दिल्यावर सांगितलं. मोठेपणाचा मोह टाळला, देवाने नम्रता दिली, अशी माझी पक्की समजूत. पुढे जूनमध्ये नव्या बाई त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या प्रत्येक सूचनेत मला खोट दिसू लागली. चांगल्या होत्या बिचाऱ्या. कडवट झाले होते ती मी.

आठ वर्षांनी, २००४ मध्ये, मी घरी राहून, नोकरी करत इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाप्रमाणे साधना केली. कामधंद्यात गुंतलेल्यांनी एकांतवासाला न जाता रोज दीड तास काढावा, अशी सोय त्याने स्वतःच त्या पुस्तकात ठेवलीय. माझे मार्गदर्शक येशूसंघीय फादर होते. त्यांना ही हकिकत जरा अभिमानानेच सांगितली. ते म्हणाले, “त्या शांतीच्या शेपटीला काय होतं?” शेपटीची ही बोली इग्नेशियसचीच. वैरी, म्हणजे सैतान, त्याच्या सापाच्या शेपटीवरून ओळखावा म्हणतो तो. विचाराचं तोंड, मधला भाग आणि शेवट, तिन्ही चांगले असले तरच विश्वास ठेवावा. माझ्या विचाराचं तोंड नम्रतेचं होतं, शेपूट हेव्याचं. मला पालकसभांची भीती वाटत होती, कारकुनी कागदांची भीती वाटत होती. भीती नम्रतेची साडी नेसून आली आणि मी तिला पाट मांडला.

दुखरा दात काढला की बरं वाटतं, तसं सुटल्यासारखं मलाही वाटलं होतं. त्याला इग्नेशियस सांत्वन म्हणत नाही. त्याच्या लेखी सांत्वन म्हणजे विश्वास, आशा आणि प्रीती वाढणं, मग डोळ्यांत पाणी असलं तरी चालेल. ‘जायचं नाही’ म्हटल्यावर तुझी धडधड थांबते, हे मला कळलं. त्यानंतर वॉर्डातल्या पेशंटशी तू कशी बोलतेस? आईचे गुडघे चोळताना हात मायेने फिरतो की उपकार केल्यासारखा? तुझ्या पत्रात हे नाही आणि मला हेच हवंय.

दुसरं, ‘आईला सांगितलेलं नाही.’ हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. इग्नेशियस वैऱ्याला चोरट्या प्रियकराची उपमा देतो. कुणाच्या मुलीला नादी लावणारा तिला पहिली गोष्ट सांगतो, ‘बापाला कळू देऊ नकोस.’ जे मनात कोंडून ठेवावंसं वाटतं ते आधी उजेडात आण. तुझ्या आईने उभा जन्म वाडीत पाणी शिंपलंय. तिला घोर नको म्हणून तिच्या वतीने परस्पर नकार कळवणं ही माया नाही. आज रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाली की सांग. रडेल, नाहीतर “कधी निघतेस?” म्हणेल. आयांचा भरवसा नसतो.

मग असं कर. फादरांनी शिकवलेली युक्ती आहे ही. पहिले दहा दिवस ‘मी जाणार’ असं ठरलंय असं धरून जग. त्याच मनाने मिस्साला जा, त्याच मनाने लोकलमध्ये उभी राहा. झोपण्यापूर्वी वहीत एक ओळ लिही. पुढचे दहा दिवस ‘मी राहणार’ असं धरून जग आणि रोज एक ओळ लिही. वही मध्येच चाळायची नाही. एकविसाव्या दिवशी सगळी सलग वाच. त्याच काळात करार नीट वाचून घे, एजंट काय घेतो ते विचार, आईच्या औषधपाण्याला कोण असेल ते भावाशी तोंडावर बोल. दोन्हीकडचे फायदे-तोटे कागदावर मांडून तोलायलाही इग्नेशियस सांगतो. पवित्र आत्म्याला हिशेबाचं वावडं नाही.

त्याच्या आणखी दोन सूचना मला फार उपयोगी पडल्या. कधीही न पाहिलेली एखादी मुलगी हाच प्रश्न घेऊन तुझ्याकडे आली, तर तिला काय सांगशील? आणि मरणाच्या घटकेला, आपण काय ठरवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटेल? दुसरीला घाबरू नकोस, नर्स आहेस, मरण तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस.

एखादी रात्र अशी येईल की प्रार्थना नको, जेवण नको, देव कुठे आहे कळत नाही. त्या रात्री ईमेल पाठवायचा नाही, होकाराचाही नाही नि नकाराचाही नाही. विषादाच्या काळात आधीचा ठराव बदलू नये, हा नियम त्याने अगदी ठणकावून घातलाय. प्रार्थना मात्र तेव्हा पाच मिनिटं जास्तच करायची.

जा की राहा, ते मी सांगणार नाही. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मधोमध उभं राहावं, अशी त्याची ताकीद आहे. (माझं मत विचारशील तर आहे मला एक. पण पंचविसाव्या दिवसानंतर विचार.)

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. ऑफिसातला एक सहकारी इग्नेशियसच्या ‘विवेका’बद्दल फार बोलतो. नीर-क्षीर विवेक, नित्य-अनित्य विवेक आपल्याकडे आहेच. यात वेगळं काय?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : शब्द तुमच्याकडूनच घेतलाय, तो परत मागू नका! फरक मला असा दिसतो. हंसापुढे दूध आणि पाणी असतं. इग्नेशियसपुढे बहुतेक वेळा दोन्ही भांड्यांत दूधच असतं आणि त्यातलं एक नासायच्या बेतात असतं. चांगलं आणि वाईट यांत निवड करायला त्याची साधना लागत नाही, तिथे बायबलातल्या दहा आज्ञा पुरतात. नोकरी इथली की तिथली, ही दोन चांगल्यांतली निवड आहे. जे धड वाईटच आहे त्यावर विवेक चालवत बसू नये, आणि लग्नासारख्या एकदा दिलेल्या शब्दावरही नाही, असं तो बजावतो.

पण एक गोष्ट मी पातळ करून सांगणार नाही. त्याचा प्रश्न ‘मला खरं काय हवंय?’ एवढ्यावर थांबत नाही. आपण देवाची स्तुती आणि सेवा करायला निर्माण झालो, इथून तो सुरुवात करतो. म्हणून आजारापेक्षा आरोग्य, गरिबीपेक्षा श्रीमंती, थोड्यापेक्षा दीर्घ आयुष्य हवंच, असं आधी ठरवून बसू नका म्हणतो. ही अलिप्तता मला ७२ व्या वर्षीही जमलेली नाही. आरोग्य मला हवंच असतं. तुमच्या सहकाऱ्याला विचारा, त्याला जमतं का. प्रामाणिक असेल तर हसेल.

प्रश्न : रात्री दिवसाचा आढावा घ्यायला बसतो, पण पापांची यादी सुरू झाली की झोप लागते. उपाय?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : यादी दुसऱ्या टोकाकडून सुरू करताय. इग्नेशियसच्या आढाव्याची पहिली पायरी आभार मानण्याची. मग उजेड मागायचा, मग दिवस तासातासाने बघायचा, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. पहिल्या पायरीवर पाय न ठेवता चौथीवर उडी मारलीत तर दमणारच. आभारही मोघम नकोत. ‘जीवन दिलंस’ वगैरे राहू द्या, आज बसमध्ये खिडकी मिळाली ती सांगा.

आणि झोपेला पाप समजू नका. मोंतसेरातनंतर जवळच्या मान्रेसा गावी असताना इग्नेशियसला नेमक्या झोपायच्या वेळी मोठमोठे आध्यात्मिक आनंद यायला लागले. आधीच झोप कमी, त्यातली निम्मी त्यात जाऊ लागली. दिवसाचा एवढा वेळ देवाला दिलाय, ही झोपेची वेळ आहे, मग हे येतं कुठून, असा त्याला संशय आला आणि तो सरळ झोपू लागला. पुढे बार्सिलोनात लॅटिनची रूपं पाठ करायला बसला की तेच. अभ्यासाच्या वेळी येतात तसे विचार मिस्सात का येत नाहीत, असं त्याने स्वतःला विचारलं आणि गुरुजींना वचन दिलं की दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी असता तर!

तुम्ही आढावा दुपारी घ्या, जेवणानंतर नाही, आधी. मी भात शिजेपर्यंत घेते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत बाराच्या आतली सकाळ बघून होते. चौथी झालीच तर भात गिचका होतो, मग संध्याकाळच्या आढाव्यात तोही येतो.